चार पावसाळे, एक उतार

आमच्या निफाडच्या द्राक्षबागेत दर ऑक्टोबरला छाटणीसाठी पेठ तालुक्याकडची टोळी यायची. मी शाळेत होते तेव्हापासूनची ही रीत. टोळीचा मुकादम आमच्या घरच्या नानांशी फोनवर बोलायचा आणि एक दिवस पहाटे पिकअपमधून वीस-बावीस माणसं उतरायची. बाया, गडी, कडेवरची पोरं, टोपलीतली कोंबडी, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची गाठोडी. बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये मार्चपर्यंत त्यांचा संसार. त्यांच्यातल्या एका मावशीने मला विरळणी शिकवली. घडातला कुठला मणी काढायचा आणि कुठला राखायचा, हे तिची बोटंच ठरवायची, डोळे दुसरीकडे असले तरी. मी एकदा तिला विचारलं होतं, "मावशी, तुमच्या घरी शेती नाही का?" ती म्हणाली, "हाय ना. पण शेतात माती कुठंय?"

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पुढे कृषीची पदवी घेतली, एका छोट्या संस्थेत काम धरलं, आणि २०२२च्या जुलैत तिच्याच पाड्यावर, तिच्याच शेतात जाऊन उभी राहिले. मावशीने अक्षरशः खरं सांगितलं होतं.

त्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गोदावरीला पूर आला होता. नाशिककर पूर मोजतात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं त्यावरून, त्यामुळे सगळ्यांच्या मोबाइलवर त्याचेच फोटो फिरत होते. पेठकडचा रस्ता दोन ठिकाणी खचला होता, म्हणून मी पाड्यावर पोचले चार दिवसांनी. मावशीची दीड एकर वरकस जमीन डोंगराच्या कुशीत उतारावर, आणि खाली ओहोळाला लागून अर्ध्या एकराचं भाताचं खाचर. वरकसात नागली लावायची तयारी होती, तिथे आता गुडघाभर खोल ओघळ पडले होते. खाचराचा बांध दोन जागी फुटून आत गोटे आणि मुरूम येऊन बसला होता. मावशीचे सासरे, ज्यांना सगळा पाडा बाबा म्हणतो, ते घोंगडी डोक्यावर घेऊन गोटे उचलून कडेला टाकत होते. एकटेच. मी मदतीला वाकले तर म्हणाले, "राहू दे ताई, हे दरसालचं हाय आता."

शेताच्या वरच्या टोकाला एक जुनं आंब्याचं झाड आहे. बाबांनी मला तिथे नेलं. झाडाची मुळं जमिनीच्या वर हातभर उघडी होती, खालून शेळीचं करडू आरपार जाईल इतकी. "मी पोरगा होतो तवा ह्या मुळावर माती होती. आम्ही इथं बसून भाकर खायचो." मग त्यांनी पहार मागवली आणि शेतात चार ठिकाणी ठोकून दाखवली. वीत-दीड वीत गेली की खण्ण आवाज. खाली कातळ.

ओहोळातून वाहणारं पाणी मी रिकाम्या बाटलीत भरून घेतलं. एक लिटरची बाटली, तांबडंलाल पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तळाशी चार बोटं गाळ बसला होता आणि वर पाणी. ती बाटली मी तारीख लिहून ठेवून दिली. पुढचं सगळं काम मोजायला माझ्याकडे याहून चांगलं माप नव्हतं.

एका एकरावरून एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तर साधारण पाच टन माती जाते. एक मिलिमीटर म्हणजे नखाएवढी जाडी. एका पावसाळ्यात ती गेलेली डोळ्यांना कळतसुद्धा नाही. पीक मात्र दरसाल थोडं बुटकं होत जातं, आणि घरातलं माणूस दरसाल थोडं लवकर निफाडला निघतं.

पाऊस बदललाय, हे पाड्यावर कुणाला पटवून द्यावं लागत नाही. बाबा नक्षत्रांवर बोलतात. पूर्वी मृगात पेरणी, मग आर्द्रा-पुनर्वसूत झड बसायची. झड म्हणजे दिवसच्या दिवस बारीक, संथ पाऊस. इरलं डोक्यावर घेऊन आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करता यावी असा. तो जिरायचा. आता पंधरा दिवस कोरडे, आणि मग एका रात्रीत ओतून मोकळा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ सालचा अभ्यास हेच आकड्यांत सांगतो: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पेठमध्ये वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी मार्चमध्ये बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. पाणी दमणगंगेच्या वाटेने समुद्राला जातं आणि जाताना माती नेतं.

पहिली बैठक समाजमंदिरात झाली. मी नकाशे नेले होते. पाचच मिनिटांत एका बाईने विचारलं, "मजुरी किती, आणि कधी मिळंल?" मला ते जरा लागलं. तुमच्याच जमिनीचं काम आहे, असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं. बरं झालं गिळलं. जमिनीची कामं निघतात जानेवारी ते मे या काळात, जमीन कोरडी असते तेव्हा. नेमके त्यातले मार्चपर्यंतचे महिने ही माणसं द्राक्षबागांत असतात, कारण पावसाळ्यासाठी घेतलेली उचल फेडायची असते आणि पुढच्या पावसाळ्यापुरतं धान्य घ्यायचं असतं. आपल्या शेतात फुकट राबायला घरी थांबणं त्यांना परवडणारच नाही. आणि ज्या बागांत ती जातात त्यांतली एक आमची. माझं शिक्षण ज्या पैशांवर झालं, तो त्यांच्या हातांनी विरळलेल्या घडांमधून आलेला. ही गोष्ट मी त्या बैठकीत सांगितली. कुणी काही बोललं नाही, पण मावशीने कोरा चहा आणून पहिला कप माझ्या हातात दिला.

ठरलं असं, की बांधबंदिस्तीच्या कामाला रोजगार हमीच्या दराने मजुरी संस्था देईल. तो दर २०२२-२३ साली दिवसाला २५६ रुपये होता, पुढच्या वर्षी २७३ झाला. बागेत त्याहून जास्त सुटतात. त्यामुळे २०२३च्या जानेवारीत कामाला आली ती फक्त नऊ माणसं: बाबा, दोन म्हाताऱ्या, बाळंतीण झालेल्या दोघी, आणि दहावी नापास होऊन घरी बसलेली चार पोरं.

आता माझी चूक. ती नीट सांगायला हवी, कारण ती मी एकटीने केली आणि तिचा भुर्दंड दुसऱ्यांच्या शेतांना बसला.

मी मातीचं काम शिकले होते सिन्नर आणि नगरकडच्या गावांत. तिकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस. शाळेच्या भिंतीपासून एसटी स्टँडपर्यंत सगळीकडे लिहिलेलं असायचं, "पाणी अडवा, पाणी जिरवा". मी त्याच अक्षरांवर वाढले. तिकडे सलग समतल चर खणतात, उताराला आडवे, अगदी एका पातळीत, म्हणजे पाणी त्यात उभं राहून जिरतं. मी तोच आराखडा पेठला आणला. बाबांनी चर बघून दोनदा विचारलं, "आणि जास्तीचं पाणी कुठून जाणार?" मी म्हटलं, "जाऊच द्यायचं नाही, बाबा." ते गप्प झाले. शिकल्या-सवरलेल्या पोरीला काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असणार.

चरांची पातळी आम्ही ए-फ्रेमने काढली. दोन सारखे बांबू वर एकत्र बांधायचे, खाली पाय फाकवायचे, मध्ये आडवी काठी, आणि शेंड्यावरून दोरीला दगड टांगायचा. फ्रेम दोन खुंट्यांवर ठेवायची, दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण करायची. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर पुन्हा ठेवायची, दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी. दोरी त्या मधल्या खुणेवर आली, की दोन्ही पाय एका पातळीत. दहावी नापास पोरं हे अर्ध्या तासात शिकली आणि मग मलाच चुका दाखवू लागली. सगळ्या उतारावर चुन्याच्या रेघा पडल्या तेव्हा फार सुंदर दिसलं ते.

साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल चर. मे अखेर चार कुटुंबांच्या जमिनीवर चर तयार झाले. जून कोरडा गेला. जुलैच्या उत्तरार्धात पाऊस आला आणि दोन रात्रींत चर तुडुंब भरले. सगळ्यात वरचा एका जागी फुटला. त्याचं सगळं पाणी खालच्यात, तो फुटला; मग त्याखालचा. एका ओळीत एकाखाली एक फुटत आलेलं ते पाणी मावशीच्या नुकत्या लावलेल्या नागलीतून असं गेलं की आधीच्या वर्षीपेक्षा मोठा ओघळ पडला.

जे गणित आधी करायला हवं होतं ते मी त्या रात्री बसून केलं. एक मीटर चरात १८० लिटर पाणी मावतं. एकरी चारशे मीटर चर धरला तरी ७२ हजार लिटर. एका एकरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की पाणी होतं चार लाख लिटर. पेठला दिवसाला शंभर मिलिमीटर ही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे माझे चर अठरा मिलिमीटरच्या वाहत्या पाण्यालाच पुरे पडणारे. जास्त पावसाच्या भागात पूर्ण समतल बांध न घालता हलक्या ढाळाचे बांध घालायचे आणि जादा पाणी सुरक्षित वाटेने काढून द्यायचं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलेलंही होतं.

सकाळी मावशीकडे गेले. काय बोलावं सुचेना. ती ओघळातली नागलीची रोपं वेचून पुन्हा लावत होती. मी शेजारी बसून लावू लागले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ताई, बाबांना विचारायचं होतंस." एवढंच. त्या वर्षी तिला नागली अर्धीसुद्धा झाली नाही. एक तर ओघळ, आणि त्यात ऑगस्ट सगळा कोरडा. देशात १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. जुलैत वाहून गेलेलं शेत ऑगस्टात करपलं. संस्थेच्या निधीतून आम्ही तिचं बियाणं आणि मजुरी भरून दिली, पण वर्षाची नागली पैशाने भरून निघत नाही.

त्यानंतर बाबा पुढे आणि मी मागे. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाण्याच्या जुन्या वाटा दाखवल्या. कुठल्या ओघळीला पूर्वी दगड रचलेले होते, कुठल्या बांधाला त्यांच्या वडिलांनी दगडी सांडवा, म्हणजे जादा पाणी उतरायची वाट, ठेवला होता, आणि तो कधी बुजला. भाताच्या खाचरात तर हे ज्ञान रोजचंच: वरच्या खाचरातलं पाणी कुठून खालच्यात सोडायचं, किती सोडायचं, यावर सख्ख्या भावांची भांडणं होतात. ते ज्ञान वरकसात वापरायचं मला सुचलं नाही, आणि मी त्यांना विचारलं नाही.

नवा आराखडा असा ठरला. डोंगराच्या अगदी वर, जिथे उतार जास्त आणि शेत नाही, तिथे छोटे-छोटे तुटक चर, एकाआड एक, म्हणजे एक फुटला तरी रांग फुटत नाही. शेतात ढाळीचे बांध. त्यासाठी त्या दहावीवाल्या पोरांपैकी एकाने ए-फ्रेमच्या पुढच्या पायाखाली एक सेंटिमीटर जाडीची लाकडी चकती बांधली. दोन पायांत अंतर दोन मीटर, म्हणजे दोरी मधल्या खुणेवर आली की दर दोन मीटरला एक सेंटिमीटर उतार मिळतो, शंभर मीटरला अर्धा मीटर. पाणी धावणार नाही, साचणारही नाही, चालत जाईल. प्रत्येक बांधाच्या शेवटी दगडाचा सांडवा, आणि सगळे सांडवे गवताच्या एका रुंद पट्ट्यात उतरलेले. ओघळींमध्ये वरून सुरुवात करून अनघड दगडांचे बांध. त्यात मोठे दगड बाहेरच्या बाजूला, पाया जमिनीत वीतभर पुरलेला, आणि मधला भाग दोन्ही कडांपेक्षा खोलगट ठेवायचा. मध्य उंच राहिला तर पाणी कडेने काठ खात जातं. हे शेवटचं बाबांनी हाताची ओंजळ करून दाखवलं.

पण माणसं कुठून आणायची? दिवाळीनंतर पाडा पुन्हा रिकामा झाला होता.

२६ नोव्हेंबर २०२३. त्या दिवशी मी निफाडला घरी होते. संध्याकाळी आभाळ काळंनिळं झालं, आणि मग गारा. मणी धरलेल्या बागेवर गारा पडतात त्याचा आवाज मी विसरणार नाही. सकाळी नाना बागेत एका ओळीच्या तोंडाशी उभे होते, आत जात नव्हते. घड चिरलेले, पानांच्या चाळण्या झालेल्या, जमिनीवर हिरव्या मण्यांचा सडा. शेडमधली मंडळी बाहेर येऊन लांब उभी होती. त्या बागेत आता विरळणीचं काम उरलं नव्हतं. मावशी आत गेली, एक घड हातात घेऊन बघितला आणि नानांना म्हणाली, "नाना, आमचं शेत असंच जातं." नाना काही बोलले नाहीत, पण दुपारी त्यांनी मुकादमाला बोलावून सगळ्यांचा हिशेब केला आणि दिलेल्या उचलीतली राहिलेली रक्कम पुढच्या वर्षावर टाकली. घरात पैसा नसताना केलं त्यांनी ते.

आठवड्याभरात टोळी पाड्यावर परतली. गारांनी असं केलं म्हणून आमच्या कामाला हात मिळाले, हे लिहितानाही मन खट्टू होतं. पण झालं तसंच. डिसेंबरपासून रोज तीस-पस्तीस माणसं कामावर. मार्चमध्ये निधीचा दुसरा हप्ता उशिरा आला, तेव्हा सलग तीन आठवडे मजुरी थकली. मी प्रत्येक घरी जाऊन किती दिवसांचे किती रुपये द्यायचे आहेत ते वहीत लिहून, त्याखाली माझी सही करून दिली. सात जण तरीही दिंडोरीकडे निघून गेले. त्यांना मी थांबवलं नाही. दुकानदार वहीवर किराणा देत नाही.

चराईचा प्रश्न त्याआधीच, दिवाळीतल्या वाघबारशीला सुटला होता, आणि तो माझ्यामुळे सुटला नाही. सुगी झाली की गुरं मोकळी सोडायची पद्धत. नव्या बांधावर लावलेलं गवत आणि रोपं त्यात टिकत नाहीत. मी ग्रामसभेत ठराव करा म्हणत होते. बाबा म्हणाले, कागद नको. वाघबारशीला गुराखी पोरं आणि घरधनी वाघदेवापाशी जमतात, नैवेद्य होतो. तिथे त्यांनी सगळ्यांसमोर विषय काढला: ह्या उतारावर दोन वर्षं गुरं सोडायची नाहीत, चारा कापून न्यायचा. एका घराने नाही म्हटलं, कारण त्यांच्याकडे बारा जनावरं आणि चारा कापायला एकच बाई. शेवटी ठरलं, त्यांचा चारा आळीपाळीने चार घरांनी कापून द्यायचा. ते दोन वर्षं पाळलं गेलं. देवासमोर बोललेला शब्द ग्रामसभेच्या वहीपेक्षा जड असतो तिथे.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. डोंगराचा वरचा भाग वनपट्ट्यांचा आहे, २००६च्या वनहक्क कायद्याखालचा. काहींना पट्टे मिळाले, तेही कायद्याप्रमाणे नवरा-बायको दोघांच्या नावाने. काहींचे दावे अजून लोंबकळत आहेत. मावशी २०१८च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या मोर्चात होती. तळपायाला आलेले फोड तिने भेगांमध्ये डिंक भरून बरे केले, असं सांगते. ज्याच्या हातात कागद नाही तो त्या जमिनीवर झाड कशाला लावेल? उद्या कोणी उठवलं तर? वरून खाली काम करायचं हा नियम आम्हाला तिथे मोडावा लागला. तीन पट्ट्यांवर चर नाहीत, आणि पाणी तिथूनच जोरात येतं.

२०२४च्या पावसाळ्यात बांध टिकले. दोन सांडवे खचले, ते आम्ही पावसातच पुन्हा रचले. ओघळीतल्या दगडी बांधांमागे हातभर गाळ साचला. ही मातीच. डोंगरावरून निघालेली, पण खाली न गेलेली. त्या गाळावर बायांनी वाल आणि काकडी लावली. बांधांवर गिरीपुष्पाच्या काड्या रोवल्या, वाळा लावला, स्टायलो या चाऱ्याचं बी टाकलं. गिरीपुष्पाचा पाला भाताच्या चिखलणीत घालायचा, ही डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीतली गोष्ट इथे लगेच पटली, कारण शेणखत आहेच किती?

त्याच वर्षीच्या जूनमध्ये आठ घरांनी वाडी धरली. वाडीची कल्पना बायफ या संस्थेने १९८२ साली इथून फार लांब नसलेल्या, दक्षिण गुजरातेतल्या वांसद्यात सुरू केली होती: अर्धा-एक एकरात आंबा-काजूची कलमं, कडेने कुंपणाला इतर झाडं, आणि मधल्या जागेत नेहमीची पिकं. झाडाचं मूळ माती धरतं, पाच-सहा वर्षांनी फळ येतं, आणि तोवर नागली, वरई, उडीद, खुरासणी चालू राहते. या भागात पिकणारी वरईच पुढे नाशिकच्या गिरण्यांत भगर होते आणि एकादशीला घरोघर शिजते. मावशीने दहा-दहा मीटरवर केशर आंबा लावला, मध्ये काजू. प्रत्येक कलमाजवळ बुडाला छिद्र पाडून चिंधीची वात घातलेलं मडकं पुरलं. उन्हाळ्यात दरीतून आणलेल्या हंड्यातला अर्धा हंडा घराला, अर्धा मडक्यांना. मला हे बघवत नव्हतं. मी म्हटलं, थोडी कलमं मरू दे मावशी. ती म्हणाली, "पोरं हायेत ती." तिची बत्तीस कलमांतली सव्वीस जगली. दुसऱ्या एका घरी निम्मीच. त्यांच्याकडे पाणी आणायला म्हातारीशिवाय कोणी नव्हतं.

रोपवाटिकेचं सांगायचं राहिलं. इथे भाताचं आणि नागलीचं रोप राबावर करतात: झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजायची, मग त्यात बी टाकायचं. तण मरतं, रोप तरारून येतं. पण त्यासाठी दरसाल ऐनाची झाडं ओरबाडली जातात, आणि जो पाला मातीत जायचा त्याची राख होते. मी न भाजता करायचा, मातीचा उंच गादीवाफा सुचवला. म्हाताऱ्या बायांनी साफ नाही म्हटलं, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, गादीवाफ्यात तण जास्त येतं, ते उपटायला हात लागतात. दोन-तीन घरांनी शेजारी-शेजारी दोन्ही करून पाहिलं, बाकीच्यांनी राब सोडला नाही. मी विषय सोडून दिला.

मग २०२५चा मे आला. मे महिन्यातच पाऊस लागला, थांबेचना. २६ तारखेला तर मोसमी पाऊस मुंबईत पोचला, इतक्या लवकर तो त्याआधीच्या निदान पंचाहत्तर वर्षांत कधी आला नव्हता. रचलेले राब भिजून चिंब झाले. भाजणार काय? निफाड-येवल्याकडे शेतात काढून ठेवलेला कांदा सडत होता, इकडे राब कुजत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाड्यातली सगळ्यात कडक म्हातारी, जिने मला दोनदा वाटेला लावलं होतं, ती काठी टेकत आली आणि विचारलं, "तो तुझा वाफा कसा करतात ग?" बारा घरांनी गादीवाफे केले. तण उपटायला आम्ही सगळे बसलो, संस्थेतली दोघं, मी, शाळेची पोरं. जीव मेटाकुटीला आला. आवणीला रोप मिळालं.

त्याच जुलैत मी चार दिवस पाड्यावर राहिले होते. तिसऱ्या रात्री पाऊस तसाच आला, २०२२सारखा, कौलं फुटतील असा. कोणीच झोपलं नाही. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. पाण्याच्या आवाजावरून कुठला ओहोळ चढलाय ते सांगत होते. पहाटे बॅटऱ्या घेऊन आम्ही निघालो. वरच्या तीन पट्ट्यांखाली जिथे काम नाही, तिथून लाल पाण्याचा लोट येत होता आणि त्याने पहिला बांध एका कडेने खाल्ला होता. बाकीचे उभे होते. मावशीच्या शेताच्या शेवटच्या सांडव्यावरून पाणी गवताच्या पट्ट्यात उतरत होतं, आणि ते गढूळ होतं, पण लाल नव्हतं. मी बाटली भरून घेतली. दुसऱ्या दिवशी तळाला बोटभर गाळ बसला.

दोन्ही बाटल्या मी मावशीच्या ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवल्या. बाबांनी त्या बघितल्या, नव्या बाटलीकडे बोट करून म्हणाले, "ही पण आपलीच माती." मग विचारलं, त्या तीन पट्ट्यांवाल्यांकडे कधी जायचं. मी म्हटलं, पाऊस उघडला की.

"आत्ताच जाऊ," ते म्हणाले, आणि मावशीला हाक मारून फावडं मागितलं, कारण वाटेत वरच्या सांडव्यात पालापाचोळा अडकला होता.